सहा, तीन, दोन

रात्री अकरा. सेतू केंद्राचं शटर अर्धं खाली ओढून
मी राउटरच्या पानावर आकडे भरते.
फायबर : सहा.
टाकीवरच्या डिशची लाइन : तीन.
सिमचा डोंगल : एक.
या मापानं वाटून दे रे बाबा
उद्या दारात उभं राहणारं अर्धं सिंदेवाही.

बाहेरच्या बाकावर इस्तारी आत्राम.
चाळीस वर्षं मामा तलावाचा पाटकरी,
आता झोप येत नाही म्हणून माझ्या उजेडाला बसतो.
"काय करून रायली व पोरी, एवढ्या राती?"
सांगितलं : तीन कंपन्या, तीन वाटा,
एकीवर दाटी झाली की दुसरीकडं वळवायचं.
"मंग पानीच वाटून रायली म्हन की."
थोडा गप्प बसला.
"अन् त्या लहान्या पाटात?"
त्यात काही नाही. अडीअडचणीला ठेवलाय.
"कोरडा पाट उंदरं पोखरते, बाई.
रोज थोडं सोडत जाय."

मी एकाचे दोन केले.

मग हिराबाईचा नियम लिहिला.
गेल्या आठवड्यात तिनं सहादा अंगठा लावला पेन्शनला.
पहिली विचारणा फायबरनं गेली, दुसरी डिशनं,
आणि बँकेला वाटलं, ही एकच बाई
एकाच वेळी दोन गावांहून कशी काय बोलते?
दर वेळी बाहेर काढलं तिला.
ती लुगड्याला अंगठा पुसत राहिली,
चूक जणू अंगठ्याची.
म्हणून आता : जो ज्या दारानं गेला
तो काम होईस्तोवर त्याच दारानं ये-जा करेल.

आणखी एक. आधी मी दर पाच सेकंदांनी
फक्त उंबरठ्याला विचारायची, आहेस का?
मागचं घर बसलेलं असलं
तरी उंबरठा आहेच म्हणतो.
आता लांबच्या पत्त्याला हाक मारते.
तीनदा ओ आली नाही तर ती वाट बंद.

शटर लावताना इस्तारी म्हणाला,
"पाट दोन हायेत खरे मोठे.
पन तुडूम तं एकच नाही ना?"
मी हसले. म्हटलं, आजा, कंपन्या वेगळ्या,
बिलं वेगळी, वसुलीला येणारी पोरंसुद्धा वेगळी.

मंगळवारी राइस मिलच्या पुढच्या रपट्यावर
जेसीबीनं एक घास घेतला
आणि सहा गेले, तीन गेले, एका दमात.
डिश ज्या टॉवरकडं तोंड करून बसते
त्या टॉवरची तारही त्याच पाइपातून आली होती.
एक निळी, एक काळी, शेजारी शेजारी.
हे मला कोणत्याच पानावर दिसलं नव्हतं.

दारात एकतीस माणसं. माझ्याकडं दोन.
सगळे फोटो थांबवले, अपडेट थांबवले,
माझा मोबाइलही तोडला त्यातून.
एकेक करून, बोटभर धारेखाली घागरी लावाव्या तसं.
समीक्षा गेडामचा नर्सिंगचा फॉर्म, शेवटची तारीख.
चक्र फिरत राहिलं, ती नखं खात राहिली,
मी स्क्रीनकडं न बघता प्रिंटरमध्ये कागद नीट करत राहिले.
चार बावन्नला पावती आली.
नऊ जणांचं राहिलं. नऊ जण
काही न बोलता गेले, ते जास्त लागलं.

संध्याकाळी रपट्यावर गेले तर इस्तारी आधीच तिथं.
उकिडवा बसून तुटकी टोकं बघत होता.
वाटलं, आता म्हणेल. म्हणाला नाही.
खताच्या पिशवीचा तुकडा काढला,
दोन्ही टोकं त्यात घातली, सिंदीच्या दोरीनं आवळली,
"दव लागल राती," एवढंच.

सकाळी जोडणीवाले आले, दोन गाड्यांतून,
एकमेकांना ओळख न देता.
आणि दोघंही त्या एकाच पिशवीची गाठ
सोडवत बसले.